सभागृहातील प्रार्थना आणि नास्तिकाची जागा

सप्रेम नमस्कार.

इतर वाचकांना उत्तराचा संदर्भ लागावा म्हणून तुमचे पत्र आधी थोडक्यात मांडते. तुम्ही एका स्थानिक स्वराज्य संस्थेत नोकरी करता. संस्थेची मासिक सभा प्रार्थनेने सुरू होते आणि सभागृहातील सर्वांनी, कर्मचाऱ्यांनीसुद्धा, उभे राहून व हात जोडून ती म्हणावी अशी तेथली जुनी प्रथा आहे. तुम्ही नास्तिक आहात. काही महिन्यांपूर्वी तुम्ही प्रार्थना म्हणणे थांबवले, विचारणा झाल्यावर कारणही स्पष्ट सांगितले आणि तेव्हापासून कार्यालयात तुमच्याशी जेवढ्यास तेवढे बोलले जाते. एकदा मधल्या सुट्टीतला वाद वाढत गेला, तेव्हा अलीकडेच पती गमावलेल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंना तुम्ही सर्वांसमोर विचारले, "इतकी प्रार्थना करून शेवटी तुम्हाला काय मिळालं?" त्या उठून गेल्या आणि त्यानंतर त्यांनी तुमच्याशी बोलणे टाकले आहे. परिचयातील काही कार्यकर्ते म्हणतात की, लेखी तक्रार करा आणि प्रकरण वर्तमानपत्रांपर्यंत न्या. मोठे भाऊ म्हणतात, "तुझा विश्वास नसेल तर नसू दे, पण चारचौघांत मिरवू नकोस." प्रार्थनेत सामील होण्याचे बंधन तुमच्यावर आहे का, तक्रार करावी का आणि श्रद्धावान माणसांशी बोलताना दर वेळी भांडण का होते, असे तुमचे प्रश्न आहेत. शेवटी तुम्ही हेही विचारले आहे की, पुढच्या सभेत प्रार्थना सुरू झाली की बसून राहायचे की उभे राहायचे.

मी श्रद्धावान आहे आणि रोज प्रार्थना करते, हे तुम्हाला आधीच माहीत असलेले बरे. सभागृहातील प्रार्थनेबाबत तुमची बाजू मला न्याय्य वाटते आणि ती तशी वाटण्यासाठी मला माझी श्रद्धा क्षणभरही बाजूला ठेवावी लागत नाही. त्या बाईंना तुम्ही जे बोललात ते मात्र मला अन्यायाचे वाटते. तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टी एकाच लढ्याचे भाग म्हणून आल्या आहेत. माझ्या मते त्या पूर्णपणे वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच तुमची योग्य मागणीही कोणी ऐकून घेत नाही.

आधी त्या बाईंविषयी, कारण ते काम थांबण्यासारखे नाही. तुमचा प्रश्न तर्काला धरून होता, असे तुम्ही लिहिता. पण त्या बाईंनी तुमच्यापुढे कोणता दावा मांडला होता? प्रार्थनेने माणूस वाचतो असे त्या म्हणाल्या नव्हत्या, तुम्ही हात जोडावेत असा आग्रहही त्यांनी धरला नव्हता. त्या केवळ त्या ठिकाणी बसलेल्या होत्या. ज्या माणसाने आपला विश्वास आपल्यावर लादलेला नाही, त्याच्याकडे त्या विश्वासाचा हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो? मृत्यूनंतर मागे राहिलेले माणूस प्रार्थना करते तेव्हा त्यात मागणे फार थोडे असते. गेलेल्या माणसाची आठवण, उरलेल्या दिवसांची भीती आणि रोजच्या दिवसाला काही आकार राहावा ही धडपड असे बरेच काही त्यात असते. तुमच्या प्रश्नाने या सगळ्यावर बोट ठेवले आणि तेही दहा माणसांच्या देखत.

म्हणून त्यांची क्षमा मागा. अपमान सर्वांसमोर झाला असला तरी आधी त्यांना एकट्याने भेटा, कारण सर्वांसमोर मागितलेली क्षमा त्यांना पुन्हा एकदा सगळ्यांच्या नजरेत आणील. त्यांना हवे असेल तर नंतर सहकाऱ्यांसमोरही सांगता येईल. "मी बोलले ते क्रूर होते, त्याचे मला वाईट वाटते," एवढे पुरे. त्याला "पण" जोडू नका आणि त्याच भेटीत आपली भूमिका समजावून सांगू नका. क्षमा मागितली तर माझी बाजू कमकुवत होईल, ही तुमची भीती मला पटत नाही. तुम्ही नास्तिक असल्याबद्दल क्षमा मागायची नाही, प्रार्थना न म्हटल्याबद्दलही नाही. एका दुःखी माणसाला दुखावल्याबद्दल मागायची आहे. त्या कदाचित लगेच बोलणार नाहीत. तो त्यांचा प्रश्न आहे, त्यासाठी त्यांच्यामागे लागू नका.

आता सभागृहाकडे येऊ. येथे मात्र तुम्ही मागे हटण्याचे मला काही कारण दिसत नाही.

भारताच्या संविधानाचा अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो आणि धर्म पाळण्याचे, आचरण्याचे स्वातंत्र्य त्याच्या बरोबरीने देतो. ज्याला विवेकाचे स्वातंत्र्य आहे त्याला न मानण्याचेही स्वातंत्र्य आहे. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला. त्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९३ मध्ये स्पष्ट केले की, त्यातील विचार, विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्यात निरीश्वरवादी मतांचे आणि कोणताही धर्म न मानण्याच्या हक्काचेही संरक्षण येते. आपल्याकडे तर हा प्रश्न संविधान तयार होतानाच उभा राहिला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी संविधान सभेत दुरुस्ती मांडली की, उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. पट्टम थाणू पिळ्ळै यांनी ती श्रद्धेच्या बाबतीतली सक्ती ठरेल असे सांगून विरोध केला, हृदयनाथ कुंझरू यांनीही विरोध केला आणि पूर्णिमा बॅनर्जी यांनी ईश्वरावर मतदान करण्याच्या पेचात सभागृहाला टाकू नका, अशी विनंती केली. कामत आग्रही राहिले, मतदान झाले आणि ती दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. ते ६८ जण नास्तिक होते असे कोणीही म्हणणार नाही. सर्वांच्या वतीने बोलणाऱ्या दस्तऐवजाने कोणाच्याही श्रद्धेविषयी सर्वांच्या वतीने ग्वाही देऊ नये, एवढेच त्यांनी ठरवले होते. त्याच संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत पदग्रहणासाठी ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी दिले आहेत.

तुमच्याशी अधिक जवळचे प्रकरण महाराष्ट्रातलेच आहे. नाशिकमधील एका शाळेतील शिक्षक प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नाहीत म्हणून त्यांना वरची वेतनश्रेणी नाकारली गेली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, त्यांच्यावर अशी सक्ती करता येणार नाही आणि केल्यास तो मूलभूत हक्काचा भंग होईल. त्या निकालाचा आधार अनुच्छेद २८ होता आणि तो शिक्षणसंस्थांपुरता आहे, त्यामुळे तुमच्या कार्यालयाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. अनुच्छेद २५ मात्र तुम्हाला लागू आहेच. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, हात जोडण्याची किंवा शब्द उच्चारण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही, आणि त्यावरून गोपनीय अहवाल, बढती किंवा कामाचे वाटप यांत काही बिघडवले गेले तर ती वेगळी आणि गंभीर बाब होईल. अशा प्रत्येक गोष्टीची तारीखवार नोंद आजपासून ठेवा.

प्रार्थना मुळात असावीच का, हा दुसरा प्रश्न अवघड आहे आणि त्याचे उत्तर सर्वत्र सारखे आलेले नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सॅग्ने शहराच्या प्रकरणात एकमताने सांगितले की, नगरसभेच्या सुरुवातीची प्रार्थना शासनाच्या तटस्थतेचा भंग करते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आदल्याच वर्षी, न्यूयॉर्क राज्यातील ग्रीस या गावाच्या प्रकरणात, पाच विरुद्ध चार अशा मतांनी तेथील प्रार्थना वैध ठरवली. इंग्लंडमध्ये बिडफर्ड नगर परिषदेच्या औपचारिक कामकाजातील प्रार्थनेला कायद्याचा आधार नाही, असा निकाल उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला आणि २०१५ मध्ये संसदेने कायदाच करून परिषदांना तशी परवानगी दिली. तेव्हा तुमच्या कार्यकर्त्या मित्रांनी "निकाल आपल्याच बाजूने लागणार" असे सांगितले असेल तर त्यावर विसंबून राहू नका.

मला स्वतःला यात कॅनडाच्या न्यायालयाचे म्हणणे अधिक खोल वाटते. तेथे प्रार्थना संपल्यावर सभा अधिकृतपणे सुरू होण्यापूर्वी दोन मिनिटांचा अवकाश ठेवलेला होता, म्हणजे ज्यांना नको असेल त्यांनी बाहेर थांबून नंतर आत यावे. वरवर ही सोय उदार दिसते. न्यायालयाने दाखवून दिले की, त्या दोन मिनिटांमुळे न मानणारा माणूस कोण हे सगळ्या सभागृहाला दिसते आणि नागरिक म्हणून आलेल्या माणसाला आधी आपला अविश्वास जाहीर करावा लागतो. तुमच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे. तुम्ही स्वतःहून कोणाला काही सांगायला गेला नव्हता. प्रथेने तुम्हाला सर्वांसमोर प्रश्न विचारला आणि तुम्ही खोटे बोलला नाहीत.

आपल्या विवेकाला पटत नाही ते न उच्चारण्याचा हक्क मिळवून देणाऱ्यांत अतिशय श्रद्धाळू माणसे होती, हे तुम्ही लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते. केरळमध्ये १९८५ साली यहोवाचे साक्षीदार या पंथातील तीन भावंडांना शाळेतून काढले गेले, कारण राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत, पण ते गात नसत. त्यांच्या धर्मश्रद्धेला ते संमत नव्हते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. आज एखादा नास्तिक शांत उभा राहून ओठ मिटून घेतो तेव्हा त्याच्या पाठीशी त्या श्रद्धाळू मुलांचा निकाल असतो. इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ हे उघड नास्तिक १८८० मध्ये नॉर्थम्प्टनमधून संसदेवर निवडून आले, शपथेच्या प्रश्नावरून त्यांना जागा नाकारली गेली आणि मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून देऊनही १८८६ पर्यंत त्यांना नीटपणे बसता आले नाही. त्यांच्यासारख्यांना ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञा करता यावी म्हणून १८८३ मध्ये विधेयक आले, तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला पंतप्रधान ग्लॅडस्टन उभे राहिले, जे स्वतः अत्यंत धर्मनिष्ठ ख्रिस्ती होते. विधेयक अवघ्या तीन मतांनी पडले. पुढे १८८८ मध्ये ब्रॅडलॉ यांच्याच प्रयत्नांतून तो हक्क कायद्यात आला. हेच ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबईतील काँग्रेस अधिवेशनाला आले होते आणि १८९१ मध्ये लंडनजवळ त्यांचा दफनविधी झाला तेव्हा विद्यार्थी असलेले गांधी तेथे उपस्थित होते.

तक्रारीविषयी माझा सल्ला यातूनच येतो. तक्रार नको, अर्ज करा, आणि तो असा लिहा की तुमच्या कार्यालयातील श्रद्धावान माणसालाही त्यावर सही करता यावी. त्यात देव आहे की नाही याविषयी एक शब्दही नको. प्रार्थना निरर्थक आहे, कालबाह्य आहे, असेही नको. संस्था सर्व नागरिकांची आहे, तिच्या सभेत वेगवेगळ्या धर्मांचे आणि कोणताही धर्म न मानणारे लोक असतात, म्हणून कर्मचाऱ्यांना प्रार्थनेत सहभागी होणे बंधनकारक नाही हे लेखी स्पष्ट व्हावे, ही पहिली विनंती असावी. सभेच्या आरंभी प्रार्थनेऐवजी एक मिनिट मौन पाळावे, ज्यात ज्याला प्रार्थना करायची त्याने मनात करावी, ही दुसरी. पहिली विनंती हक्काची आहे, तिच्यावर ठाम राहा. दुसरी सभागृहाच्या निर्णयाची आहे. ती मान्य होईल न होईल, पण ती मांडली जाणे आणि इतिवृत्तात नोंदवली जाणे यालाही मोल आहे. अर्ज देण्यापूर्वी दोन-तीन सहकाऱ्यांशी बोला. ज्यांचा धर्म त्या प्रार्थनेहून वेगळा आहे असे कोणी तरी तेथे नक्की असेल आणि इतकी वर्षे ते काय मनात ठेवून उभे राहिले असतील याचा विचार तुम्ही कदाचित केला नसेल. त्यांनी सही करायला नकार दिला तर आग्रह करू नका. अल्पसंख्य माणसाला आवाज उठवण्याची किंमत अधिक मोजावी लागते.

कार्यकर्त्या मित्रांविषयी मला आदर आहे. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांनी काय सोसले ते आपण पाहिले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, देवाधर्माला आमचा विरोध नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते वर्षानुवर्षे न चिडता सांगत राहिले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते झटले त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. ही आठवण तुम्हाला घाबरवण्यासाठी काढत नाही. ते स्वतः नास्तिक होते, तरी सार्वजनिक कामात त्यांनी मागणी अशी ठेवली की श्रद्धाळू माणूसही तिच्यामागे उभा राहू शकेल, आणि तसे अनेक उभे राहिले, हे मला सांगायचे आहे.

तुमच्या मित्रांना मात्र स्पष्ट सांगा की अर्जाचे उत्तर येईपर्यंत वर्तमानपत्रात किंवा समाजमाध्यमांवर काही जाणार नाही, आणि सभागृहातील प्रार्थनेचे चित्रीकरण करून पसरवण्याची कल्पना तर सोडूनच द्या, कारण त्या चित्रफितीत हात जोडून उभी असलेली माणसे तुमचे सहकारी असतील आणि त्यांतल्या एकानेही तुमचे वाईट केलेले नसेल. शिवाय नोकरी तुमची आहे. प्रसिद्धी माध्यमांकडे जाण्यावर सेवानियमांत निर्बंध असतात. ते वाचल्याशिवाय पाऊल उचलू नका आणि अर्जाला प्रतिकूल उत्तर आले तर पुढची पायरी वकिलाच्या सल्ल्याने ठरवा.

आता भांडणांविषयी. तुम्ही वर्णन केलेले सगळे वाद मी दोनदा वाचले. प्रत्येक वादाची सुरुवात एखाद्या छोट्या, सुटू शकणाऱ्या प्रश्नाने होते आणि थोड्याच वेळात तुम्ही ईश्वराच्या अस्तित्वावर येता. तेथे पोहोचल्यावर समोरच्याला वाटते की, आता आपली आई, आपले बालपण, आपली दुःखे सगळी पणाला लागली आहेत. तो मागे हटूच शकत नाही. ईश्वर आहे की नाही ही चर्चा होऊ नये असे मी म्हणत नाही. ती मोठी आणि आनंदाची चर्चा आहे, पण दोघांनाही ती हवी असेल तेव्हाच ती होते. आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा १९४० च्या दशकात सेवाग्रामला गांधींकडे येऊन राहिले, तेव्हा त्या दोघांत अशी चर्चा झाली आणि मतभेद शेवटपर्यंत राहिले. तरी अस्पृश्यता निवारणाच्या कामात ते एकमेकांजवळ आले. गोरांच्या मुलीचे एका दलित तरुणाशी लग्न सेवाग्राममध्ये व्हावे असे ठरले, तेव्हा गोरांच्या मतांचा मान राखून विधीत ईश्वराच्या जागी सत्याचे नाव घ्यायला गांधी तयार झाले. लग्न झाले ते गांधींच्या हत्येनंतर, १९४८ मध्ये. रोज प्रार्थना करणाऱ्या माणसाने एका नास्तिकाच्या घरच्या मंगल प्रसंगी शब्द बदलायला मान्यता द्यावी, यात कोणाचाही पराभव झालेला मला दिसत नाही.

तुमच्या भावाशी बोलताना वाद देवावर नेऊ नका. "मिरवू नकोस" या त्यांच्या वाक्यामागे काय आहे ते विचारा. मला त्यात धर्माभिमानापेक्षा काळजी अधिक ऐकू येते. बहिणीची नोकरी, तिची सुरक्षितता, नातेवाइकांची बोलणी, यांपैकी नेमकी कशाची भीती त्यांना वाटते हे कळले तर तेवढ्यापुरते उत्तर देता येईल. त्यांना सांगा की, विचारल्यावर खरे बोलणे म्हणजे मिरवणे नव्हे. कोणत्याही शासकीय कागदपत्रात धर्म जाहीर करण्याची सक्ती करता येत नाही आणि माझा कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच म्हटले आहे. घरातील धार्मिक प्रसंगांना तुम्ही जात असाल तर जात राहा; तेथे तुम्ही बहीण म्हणून जाता, आणि एखाद्या कृतीत सहभागी व्हायचे नसेल तर आधीच शांतपणे सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पाहुण्यांसमोर दोघांचीही अडचण होणार नाही. तुमची मते बदलावीत असा प्रयत्न ते करीत असतील तर तुम्हीही त्यांना थांबायला सांगू शकता. तोच नियम तुम्हाला लागू राहील.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. पुढच्या सभेत सर्वांबरोबर उभ्या राहा, हात बाजूला ठेवा आणि शांत राहा. बसून राहण्याचाही तुम्हाला हक्क आहे आणि उभे राहणे ही तुम्हाला तत्त्वाशी तडजोड वाटत असेल तर बसा. पण उभे राहिल्याने तुम्ही प्रार्थनेला होकार देत नाही, शेजारच्या माणसांना मान देता. केरळमधील त्या मुलांनीही तेच केले होते. त्या वेळात फोन पाहू नका, कागद चाळू नका. कोणी नंतर विचारलेच तर "मी प्रार्थना करीत नाही, तुम्ही करता त्याला माझी हरकत नाही, कर्मचाऱ्यांवर सक्ती नसावी असा अर्ज मी दिला आहे," असे सांगा आणि कामाला लागा. अर्जाची पोहोच शिक्क्यासह घ्या. त्या ज्येष्ठ बाईंना मात्र अर्ज देण्याच्या आधी भेटा, नाहीतर अर्जाला पाठिंबा मिळावा म्हणून क्षमा मागितली असे त्यांना वाटेल.

आपली,
सदरलेखिका